माझ्या पाठची सहा

आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. नवागामात, खानदेशातून कामाला आलेल्यांच्या त्या वस्तीत, तेव्हा अशा खोल्यांच्या रांगाच होत्या. वर पत्रे, पुढे हातभर ओटा आणि ओट्याला लागून गटार. मागांची खटखट भिंतीतून सतत यायची. आम्हाला ती इतकी सवयीची झाली होती, की थांबली की आम्ही दचकायचो. लाईट गेली की माग बंद पडायचे आणि झोळीतलं तान्हं त्या शांततेने जागं होऊन रडायला लागायचं. दुसऱ्यांच्या घरी मुलं आवाजाने उठतात, आमच्याकडे आवाज थांबल्यावर उठायची. आता मी राहते तिथे पहाटे फार शांत असतं. लोक म्हणतात, किती छान. मला मात्र अजून त्या वेळी नीट झोप लागत नाही.

आम्ही सात भावंडं आणि त्यांत मी थोरली. माझ्या पाठची पुष्पा, तिच्या पाठची मधली तिघं, मग तीन वर्षांचा भटू, आणि शेवटी ती तान्ही, जिचं नाव ठेवायला पुढे कितीतरी दिवस कोणाला सवड झाली नाही. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते मागावर होते, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीचा आठवडा आईला, म्हणजे मायला, सगळ्यात जड जायचा. आप्पा सकाळी यायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचे आणि खोलीच्या मधोमध चटई टाकून झोपायचे. खोली एकच. मग माय आम्हा सगळ्यांना ओट्यावर घेऊन बसायची. स्वयंपाकाची भांडी वाजू द्यायची नाहीत, मुलांना भांडू द्यायचं नाही, कोणी रडलं तर तोंडावर पदर धरायचा. त्यातच ती साड्यांचे धागे कापायची. दलालाच्या माणसाने टाकलेला साड्यांचा गठ्ठा मांडीवर, हातात छोटी कात्री आणि पायाने झोळीची दोरी ओढणं चालू. डोकं वर न करता तिला सगळं दिसायचं. "विजू, गटारकडे जाऊ नको. लता, त्याले धर."

हे सगळं ती एकटीच्या बळावर करत होती असं मात्र नाही. शेजारच्याच खोलीत आमची काकू राहायची, आप्पांच्या धाकट्या भावाची बायको. दोन खोल्यांच्या मधली भिंत वर पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. त्या फटीतून दोघींचं दिवसभर बोलणं चालायचं. "व जिजी, मीठ शे का?" काकू मायला, थोरल्या जावेला, विचारायची, आणि माय उत्तराऐवजी मीठच घेऊन जायची. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा एक हंडे भरायची, दुसरी ते आत नेऊन ठेवायची. एक भाकरी थापायची, दुसरी भाजायची. काकूला लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, त्यामुळे आमच्यातली दोन-तीन नेहमी तिच्याकडेच असायची. आईचं काम आणि काकूचं काम यांतला फरक आम्हाला कळायचाच नाही. रविवारी वरण-बट्टी केली की बट्ट्या तिच्या चुलीवर आणि वरण आमच्या. दोघी वाढत वाढत हसायच्या. कशाला, ते आम्हाला कधी कळलं नाही. मायला तसं हसताना मी नंतर फार थोड्या वेळा पाहिलं.

मग काकाला तासाभराच्या वाटेवर, कामरेजला, सुताच्या कारखान्यात काम लागलं, आवारातच खोली मिळाली, आणि ती दोघं गेली. टेम्पोत त्यांची पेटी आणि पलंग चढवताना काकू रडली. माय रडली नाही. तेव्हा तिला सातवा महिना होता. ती टेम्पो वळेपर्यंत उभी राहिली आणि मग आत जाऊन पीठ मळायला बसली. शेजारच्या खोलीत ओरिसातून आलेली सहा-सात माणसं राहायला आली. ती कारखान्यातच असायची, नाहीतर झोपलेली असायची. भिंतीवरच्या फटीतून मग काहीच ऐकू येईनासं झालं.

बाळंतपणानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी माय म्हणाली, "मंगी, आज शाळामां जाऊ नको." मी सातवीत होते. पालिकेच्या मराठी शाळेत जायचे. मला वाटलं, आजचा दिवस. दुसऱ्या दिवशी तिने काहीच सांगितलं नाही, पण सकाळी दप्तराकडे हात गेला तेव्हा एका बाजूला दोन मुलं उघडीनागडी, चुलीवर दूध वर येतंय, आणि माय भिंतीला टेकून बसलेली, असं दिसलं. मी दप्तर परत खुंटीला अडकवलं. तिसऱ्या दिवशी मी दप्तराकडे पाहिलंच नाही. आमच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी एकदा एका मुलीबरोबर निरोप पाठवला. मी तिला ओट्यावरूनच सांगितलं, "माय बरी झाली की येते." हे सांगताना माझ्या कडेवर भटू होता, आणि ती मुलगी त्याच्या नाकाकडे बघत होती. नंतर ती पुन्हा आली नाही.

माय बरी होत नव्हती. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं, म्हणून आजारी आहे असंही कोणी म्हणत नव्हतं. फक्त ती कमी कमी होत चालली होती. आधी बोलणं कमी झालं. मग एका दिवसात भाजीत दोनदा मीठ पडू लागलं आणि दुसऱ्या दिवशी पडेचना. साड्यांचा गठ्ठा मांडीवर असायचा, कात्री हातात असायची, पण हात हलायचा नाही. तान्ही रडत असायची आणि माय तिच्याकडे बघत असायची, जशी आपण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडे बघतो. मी बाळ उचलून तिच्या छातीशी धरलं की ती पाजायची. मी नाही धरलं तर नाही.

आज या गोष्टीला नाव आहे. माझ्या सुनेच्या बाळंतपणात डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून नीट सांगितलं की असं होतं, त्यात बाईचा दोष नसतो, लक्ष ठेवा. मी मान डोलवत होते आणि मला मायच्या हातातली न हलणारी कात्री दिसत होती. आमच्या वेळी एवढंच म्हणायचे, की कस्तुराबाई आळसावली. सात पोरांची आई आणि आळसावली! आप्पा वाईट नव्हते, पण बारा तास मागाजवळ उभं राहून आलेल्या माणसाला घरात काय बदललंय ते दिसत नसे. भाकरी ताटात यायची, ती कोणी थापली ते त्यांनी पाहिलं नाही. गल्लीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, "कशी शे माय?" आणि मी सांगायला तोंड उघडण्याआधी त्याच म्हणायच्या, "तू शे ना. मोठी पोर शे घरमां, मंग काय चिंता."

तू आहेस ना. हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की मला वाटू लागलं, मी असल्यामुळेच कोणी येत नाहीये.

एक दिवस पहाटे नळावर माय हंडा लावून उभी होती. हंडा भरला, वाहू लागला, आणि ती तशीच उभी. मागे बायकांची रांग, पाणी तासभरच यायचं. "कस्तुराबाई, हंडा भराई गया ना!" कोणीतरी ओरडलं. मग दोघी-तिघी ओरडल्या. एकीने येऊन हंडा बाजूला ओढला. मायच्या साडीवर पाणी सांडत होतं आणि तिला ते जाणवत नव्हतं. मी धावत गेले, तिचा हात धरून तिला घरी आणलं. बायकांची नजर मला पाठीवर लागत होती. मला त्यांचा राग आला नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा राग आला. त्या दिवशी मी ठरवलं, काकूला घेऊन यायचं.

कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा दिवसपाळीला गेले. मी भाकऱ्या केल्या, पुष्पाला सांगितलं की मधल्या तिघांना ओट्याखाली उतरू देऊ नको, आणि भाड्यापुरते पैसे आप्पांच्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशातून घेतले. मायला म्हटलं, "मी रेशनवर जाऊन येते. रांग असेल, उशीर होईल." ती झोळीजवळ बसली होती. तिने मान वर केली नाही. भटू माझ्याशिवाय राहत नसे, म्हणून त्याला कडेवर घेतलं.

स्टेशनपर्यंत रिक्षात सहा माणसांत कोंबून बसलो, तिथून एस.टी. कंडक्टरने विचारलं, "क्यां जवुं छे, बेन?" मला कोणी पहिल्यांदाच बेन म्हणत होतं, मोठ्या बाईला म्हणतात तसं. कडेवरच्या पोरामुळे असेल. "कामरेज," मी म्हणाले. खिडकीची जागा मिळाली. भटू झोपला. बाहेर शेतं लागली, उसाची असावीत. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे करायला काही काम नव्हतं. त्या तासाभरात मला इतकं एकटं वाटलं की मी भटूला उगाच हलवून जागं केलं.

काकूची खोली शोधायला वेळ लागला नाही. ती दारातच बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, आणि उठताना तिने एक हात जमिनीला टेकला, एक कमरेवर ठेवला. मी पाहिलं आणि मला समजलं. इतकी बाळंतपणं घरात पाहिली होती, मला सांगावं लागलं नाही.

"अव मंगी! एकटीच? जिजी कशी शे?"

मी सगळं सांगितलं. नळावरचं, मिठाचं, बाळाकडे बघण्याचं. सांगताना मला वाटत होतं की काकू मधेच उठेल आणि पिशवी भरायला घेईल. ती उठली नाही. माझा हात धरून बसून राहिली. म्हणाली, "नऊ वरीस व्हयनात, मंगी. नऊ वरसमां पहिल्यांदाच राहिलं शे. डॉक्टरनं सांगेल शे, गाडीमां बसू नको, वजन उचलू नको." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी कशी येऊ, तूच सांग."

मी तेरा वर्षांची होते. मला तिच्यासाठी आनंद व्हायला हवा होता, आणि तो झाला नाही. मनात आलं की हे मूल आलं नसतं तर काकू आली असती. इतक्या वर्षांनी हे लिहिताना हात थबकतो, पण आलं होतं खरं.

तिने शेवभाजी केली. भटू पोटभर जेवला. निघताना तिने डब्यात डिंकाचे लाडू दिले, स्वतःसाठी केलेले. "जिजीले दे. सकाय-संध्याकाय एक एक. आनि तू धीर सोडू नको. तू शे ना, मोठी शे."

परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं. भटू खांद्यावर, डबा काखेत. काकू नाही, तर आता कोण, याचा विचार करत होते. एकेक नाव घेत होते आणि सोडत होते. खानदेशातली मामी, तिला स्वतःची शेती-गुरं. आजी, तिला दिसत नाही. गल्लीतल्या बायका, त्या सगळ्या आपापल्या घरात बुडालेल्या. बोटांवर नावं संपली.

गल्लीत शिरले तेव्हा उन्हं उतरली होती. आमच्या खोलीचं दार बंद होतं, बाहेरून कडी. ओट्यावर कोणी नाही. एक पितळी वाटी उपडी पडली होती. कारखान्याची खटखट चालू होती, आणि तिच्यात एकाही मुलाचा आवाज नव्हता. मी कडी काढली, आत पाहिलं. झोळी रिकामी. मी पुष्पाला हाक मारली ती माझ्याच कानाला ओळखू आली नाही. समोरची म्हातारी तिच्या दारातून म्हणाली, "तथी, कोपऱ्यावर दख. समदी पोरं यशोदाबाईकडे शेतस."

यशोदाबाई गल्लीच्या टोकाला एकटीच राहायची. भुसावळकडची. नवरा रेल्वेत होता, तो वारला होता. मुलगा तिकडेच. ती एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती, पांढरी साडी नेसून पहाटे जायची आणि दुपारी यायची. तिच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. आमच्या गल्लीत तिच्याशी सगळे गोड बोलायचे, पण तिच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. नळावर तिचा हंडा सगळ्यांत शेवटी लागायचा. असा नियम कोणी केला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता. मीही तिच्या दाराच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. गाडीत बोटांवर नावं मोजताना मला तिचं नाव आठवलं नव्हतं.

दारात जाऊन पाहिलं तर पुष्पा आणि मधली तिघं ओळीने बसून खिचडी खात होती. पलंगावर माय झोपली होती, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तान्ही यशोदाबाईच्या मांडीवर होती, आणि ती तिला तेल लावत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "हळू बोल. आत्ता झोपलीय."

काय झालं ते तिने मला तिथेच, तेल लावता लावता, हलक्या आवाजात सांगितलं. ती दवाखान्यातून परतत होती. रेल्वेच्या फाटकापलीकडे, रुळाच्या कडेच्या खडीवर तिला माय दिसली. बाळ कडेवर, पायात चप्पल नाही, भुसावळकडे जाणाऱ्या लाईनीच्या बाजूबाजूने चालत होती. यशोदाबाईने हाक मारली नाही. म्हणाली, "हाक मारली की माणूस दचकतं." ती नुसती चालत तिच्या बाजूला गेली आणि तिच्याबरोबर चालू लागली. मग म्हणाली, "कस्तुराबाई, पाय दुखतात माझे, बसू या का?" दोघी खडीवर बसल्या. मालगाडी आली. गाडी जाईपर्यंत यशोदाबाईने मायचा पदर मुठीत धरून ठेवला होता. गाडी गेल्यावर म्हणाली, "बाळ द्या जरा माझ्याकडे." मायने दिलं. मग दोघी परत आल्या. मायने वाटेत एकच वाक्य उच्चारलं, की पाणी पाहिजे. यशोदाबाई घरी आल्यावर भांडं हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, "माझ्या माठातलं आहे." मायने दोन्ही हातांनी भांडं घेतलं आणि सगळं प्यायली.

मी ऐकत होते. माझ्या काखेत अजून लाडवांचा डबा होता. ती कुठे निघाली होती, माहेराला की आणखी कुठे, हे यशोदाबाईने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला एकच गोष्ट दिसत होती, की मी घरी नव्हते. मी असते तर ती गेली नसती. मी कुठे होते हे मात्र कोणी विचारलं नाही. पुष्पाने रेशनचं सांगितलं असावं. मी खाली बसले आणि मुलांची ताटं गोळा करू लागले.

"ठेव ते," यशोदाबाई म्हणाली. मी ठेवली नाहीत. मला दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

दिवे लागल्यावर आप्पा आले. घर बंद बघून तेही तिथेच आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. मुलं आत जेवून बसलेली, बायको आत झोपलेली. त्यांच्या तोंडावर आधी भीती होती, मग दुसरंच काहीतरी आलं. म्हणाले, "पोरं इथं जेवली?"

"जेवली," यशोदाबाई म्हणाली. "गुलाबभाऊ, आत या नाहीतर बाहेर थांबा, तुमची मर्जी. पण मी सांगते ते ऐका. बाई तुमची आज रुळावर गेली होती."

आप्पा उंबऱ्यावरच बसले, बाहेर पाय करून. ती बाई त्यांच्यावर रागावली नाही, समजावतही बसली नाही. तिने कामं वाटली. दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे नळाचं पाणी तुम्ही भरायचं. रातपाळीच्या आठवड्यात झोपायला शेजारच्या ओरिसावाल्यांच्या खोलीत जायचं. ते दिवसा कामावर असतात, मी बोलते त्यांच्याशी. साड्यांचा गठ्ठा उद्या परत जाईल. सोमवारी कस्तुराबाईला मी माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेईन, आणि तुम्ही त्या दिवशी खाडा करून बरोबर यायचं.

"खाडा?" आप्पा म्हणाले.

"एक दिवस माग दुसरा कोणी चालवील. बायको दुसरी कोण आणून देईल?"

मग तिने माझ्याकडे बोट केलं.

"आणि ही पोरगी शाळेत जाईल."

"मंग घरचं कोण करी?" आप्पांनी विचारलं. भांडायला नव्हे, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर ती गल्लीत दारोदार फिरली. मी मागे होते, बाळ घेऊन. "हिच्या घरी मदत करा" असं ती एकदाही म्हणाली नाही. शेजारणींपैकी सखूबाईला म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी थापताच, आठ भाकऱ्या जास्त थापा, पीठ मी आणून देते." समोरच्या म्हातारीला म्हणाली, "आजी, तुम्ही दारातच बसता, मधली तिघं तुमच्यासमोर खेळतील, नजर ठेवा." कोपऱ्यावरच्या गुजराती शिवणवाल्या बेनला म्हणाली, "भटूला दुपारचे दोन तास चिंध्या खेळायला द्या." प्रत्येकीला एकच काम, तिच्या हातात आधीच असलेलं. आश्चर्य म्हणजे कोणी नाही म्हणालं नाही. सखूबाई तर रडायलाच लागली. म्हणाली, "आम्हाले काय करानं तेच सुधरत नव्हतं." इतके दिवस त्या "कशी शे माय" विचारून पुढे का जात होत्या, ते मला त्या क्षणी समजलं. भाकऱ्यांचं पीठ यशोदाबाईच्या घरचं होतं. ते सखूबाईला माहीत होतं. तिने ते परातीत घेतलं. नळावर मात्र यशोदाबाईचा हंडा पुढेही कितीतरी दिवस शेवटीच लागत राहिला. सगळं बदललं असं मी लिहिणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी मायला गोळ्या दिल्या, रक्त कमी आहे म्हणून सुया दिल्या, आणि काही महिन्यांनी तिचं मुलं बंद करायचं ऑपरेशन झालं. कागदावर आप्पांनी सही केली. गावाकडून आजीचा निरोप आला की विचारायला हवं होतं. आप्पांनी त्याला उत्तर पाठवलं नाही. हे त्यांचं मला फार मोठं वाटतं.

मी शाळेत गेले. माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसत होती. बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं. भूमितीत वर्तुळं कधीची येऊन गेली होती. मैत्रिणींची नवी गुपितं तयार झाली होती, त्यांत मी नव्हते. मधल्या सुट्टीत त्या दोरीवरच्या उड्या मारायच्या आणि मी कठड्याला टेकून, घरी बाळ उठलं असेल का, याचा हिशोब करत बसायचे. घरी मी कंटाळलेली असायचे आणि शाळेत मला घराची ओढ लागायची. मी दोन्हीकडची उरले नव्हते.

आणि घरी गेल्यावर दुपारी यशोदाबाई आमच्या ओट्यावर बसलेली असायची. माय हळूहळू बोलू लागली होती, पण तिच्याशी. एकदा मी दप्तर घेऊन वळणावर आले तर दोघी हसत होत्या. माय तोंडाला पदर लावून हसत होती. मला वाटायला हवं होतं, देवा, माय हसली. मी मात्र वळणावरच थांबून राहिले. इतके महिने मी तिला न्हाऊ घातलं, तिच्या मुलांची शी-शू काढली, तिच्यासाठी कामरेजपर्यंत गेले, आणि ती हसली ती दुसऱ्याच बाईजवळ. मी पोचले तेव्हा माय एवढंच म्हणाली, "ऊनी का? भटूले आन शिवणवालीकडून." मी दप्तर ठेवलं आणि गेले.

यशोदाबाई पुढे भुसावळला मुलाकडे गेली आणि तिथेच वारली. मला कळलं तेव्हा तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं, किंवा त्यांच्यात जे असतं ते. तिला काहीच सांगायचं राहिलं. पाठची सहाही आपापल्या संसाराला लागली. काकूला मुलगी झाली, ती आता कामरेजलाच शिक्षिका आहे. आप्पा गेल्यावर माय माझ्याकडे राहायला आली. अजून माझ्याकडेच आहे. दिसतं कमी, ऐकू नीट येतं.

त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. सून बाळाला घेऊन माहेरी गेलेली, घरात आम्ही दोघीच. मीच अचानक विचारलं. इतकी वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं, कसं निघालं कोण जाणे. "माय, त्या दिवशी तू फाटकाकडे कुठं चालली होतीस?"

तिने पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "तू कथी गई व्हती त्या दिवशी?"

"रेशनवर."

"रेशनचं दुकान त्या दिवशी बंद व्हतं," ती म्हणाली. "मी पुष्पाले धाडं व्हतं, तुले बलावाले. ती सांगत ऊनी, दुकान बंद शे, मंगी कोठेच नही."

मग मी तिला सगळं सांगितलं. सदऱ्याच्या खिशापासून. एस.टी., उसाची शेतं, काकूचं कमरेवर हात ठेवून उठणं, आणि माझ्या मनात तेव्हा जे आलं होतं, तेही. माझी मुलं मोठी झाली, नातू झाला, आणि हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होते. माझं संपल्यावर तिने हात पुढे केला. तिला नीट दिसत नव्हतं, तो आधी माझ्या खांद्याला लागला, मग गालाला.

"माले वाटनं, काकू गई तशी तू बी गई," ती म्हणाली.

"मी परत येणारच होते, माय."

"हा," ती म्हणाली. "ते तुले मालूम व्हतं. माले कोठे मालूम व्हतं?"